गौरीचे कडबू

कमलाक्षीचं मनगट मोडलं ते गौरीचे मुखवटे माळ्यावरून उतरवताना, आणि घरातल्यांनी आधी मुखवटे धड आहेत ना ते पाहिलं. म्हणजे तिनंच पाहायला लावलं. स्टुलाशेजारी फरशीवर पडल्या पडल्या ती ओरडत होती, "ज्येष्ठेचं नाक बघा गे कुणी तरी!" ज्येष्ठेचं नाक शाबूत होतं. कमलाक्षीचा उजवा हात मात्र दोन ठिकाणी गेला होता. डॉक्टरांनी कोपरापर्यंत पांढरंफेक प्लास्टर चढवलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही असं बजावलं.

गौरी आठ दिवसांवर आलेल्या, आणि हा बाबा सहा आठवडे म्हणतोय!

खरं पाहता त्या हातावाचून घराचं काही अडणारं नव्हतं. तंजावुरातल्या मेडिकल कॉलेज रोडवरच्या त्या घरात स्वयंपाकघर होतं भावजयीच्या, धनलक्ष्मीच्या ताब्यात. सकाळची कॉफी, दुपारचं सांबार, रसवांगी, ताकातलं डांगर, सगळं तीच करी, आणि नणंदेपेक्षा चांगलं करी. हे कमलाक्षीला ठाऊक होतं. बोलून दाखवायची गरज तिला कधी वाटली नव्हती, इतकंच. पण वर्षातून एक दिवस, गौरी जेवायच्या दिवशी, नैवेद्याचे पाच कडबू कमलाक्षीच करणार. पुरण तिनं शिजवायचं, पारी तिनं लाटायची, अर्धचंद्राच्या कडेला नखाएवढी बारीक मुरड तिनं घालायची. तोवर धनलक्ष्मी उंबऱ्याबाहेर. बत्तीस वर्षं हा नियम एकदाही चुकला नव्हता.

नियम कमलाक्षीचा नव्हता, तिच्या आईचा, शेषम्माचा होता, आणि तो लिहून ठेवलेला होता. शेषम्मा चौथीपर्यंत शिकली ती तमिळ शाळेत. देवनागरी तिला घरातल्या इतर सगळ्यांइतकीच यायची, म्हणजे अजिबात नाही. त्यामुळे ती मराठी लिहायची ती तमिळ अक्षरांत. त्या लिपीत एकाच अक्षरावर चार चार उच्चारांचं ओझं. 'भात' आणि 'पात' सारखंच दिसायचं, आणि कोणतं ते पातेल्यात डोकावून ठरवायचं. पण घरच्या माणसाला घरचं वाचायला कसली अडचण? शेषम्मा गेली तेव्हा कमलाक्षी सव्वीस वर्षांची होती आणि नामदेव सोळा. कमलाक्षीनं पोस्टात नोकरी केली, भावाला शिकवलं, आणि या धांदलीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढं नामदेवनं ऑफिसातली धनलक्ष्मी पसंत केली, ओरत्तनाडूच्या तमिळ मास्तरांची मुलगी. त्या लग्नाचं रामायण वेगळंच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना नवी नवरी हातपाय धुऊन, पदर खोचून कडबू करायला पुढं झाली, तेव्हा कमलाक्षीनं देवघरातून आईची वही काढली आणि त्यातली एकच ओळ मोठ्यानं वाचली:

"कुळाशिवाय दुसरं चालणार नाही."

धनलक्ष्मी खोचलेला पदर सोडून उंबऱ्याबाहेर गेली. वही पुन्हा पिवळ्या फडक्यात बांधून देवघरात ठेवली गेली. तिचं काम झालं होतं.

*

"अक्का, विकत आणले तर?" गौरी जेवायच्या दिवशी सकाळी आठ वाजता नामदेवनं कॉफीच्या पेल्याआडून विचारलं. "पुढच्या चौकातल्या दुकानात सोमासी मिळते. दिसायला तेच की."

"गौरीला सोमासी!" कमलाक्षीनं प्लास्टरचा हात कपाळाला लावला आणि तो जड असल्यामुळं कपाळाला चांगलाच लागला. "तू रिटायर झालास ते ऑफिसातनं रे. अक्कल पण तिथंच ठेवून आलास?"

नामदेवनं पेला तोंडाला लावला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण अक्कापुढं तो अजून सोळाचाच होता. वाद झाला की तो अक्काच्या बाजूनं. तो नियम तर वहीत लिहायचीही गरज पडली नव्हती.

"नंदिता करील," कमलाक्षी म्हणाली. "पुरण शिजवण्यापासून. मी सांगते, ती करील. या कुळाची मुलगी आहे."

नामदेवची मुलगी नंदिता रात्रीच्या गाडीचा शिणवटा डोळ्यांत घेऊन दाराशी उभी होती. दोन वर्षं ती पुण्यात नोकरीला होती आणि सणाची चार दिवसांची रजा घेऊन आली होती. "आत्या, मज नूडल्स पण करता येत नाहीत. पाणी जास्ती होतं."

"कडबूला पाणी लागत नाही."

"आणि पुण्यात मी सांगितलं, आमच्या घरी गौरीला कडबा करतात. सगळे असे हसले! कडबा गुरांना घालतात म्हणे." नंदिता स्वतःही हसली. मग म्हणाली, "अम्माला करू दे ना. नाही तर दिव्याला. दिव्याचे हात किती सुरेख आहेत, तिची रांगोळी पाहिलीस ना?"

दिव्यश्री, नंदिताच्या भावाची, कार्तिकची बायको, कोपऱ्यात केळीची पानं पुसत होती. लग्नाला सात महिने झाले होते. तीही तमिळच, कुंभकोणमकडची. आपलं नाव ऐकून तिनं मान वर केली आणि घाईघाईनं म्हणाली, "नको, कृपया माझ्यामुळे मतभेद नकोत."

नामदेवला हसू आवरेना. दिव्यश्री मोबाइलवर क्लास लावून मराठी शिकली होती, त्यामुळं ती बोलायला लागली की घरात बातम्या लागल्यासारखं वाटे. घरातले लोक आपण खोलीत आलो की तमिळमध्ये बोलायला लागतात, हे तिला लग्नानंतर आठवडाभरात कळलं होतं. आपल्यासाठी कुणाला आपली भाषा बदलावी लागू नये, म्हणून ती शिकायला बसली होती. कार्तिकला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. कमलाक्षीला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "सेरी, बरं आहे, शिकू दे."

"मतभेद कसले?" नंदिता म्हणाली. "साधं विचारते. अम्मा बत्तीस वर्षं या घरात सगळं करते. तिचे पाच कडबू गौरीला कां म्हणून चालत नाहीत?"

कमलाक्षी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच धनलक्ष्मी गॅसवरून वळली.

"नंदिता, पुरे. आजींनी लिहून ठेवलंय. नियम आहे तो आहे." आणि पाठ फिरवून तिनं सांबारात मीठ घातलं.

कमलाक्षी चमकलीच. या बाजूनं कुमक येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. पण धनलक्ष्मीच्या आवाजात एक हट्ट होता, तो तिला ओळखीचा वाटला. ज्या नियमापायी आपण बत्तीस गौरी उंबऱ्याबाहेर काढल्या, तो आज कुणा मुलीच्या 'करू दे ना'वर मोडावा, हे धनलक्ष्मीला नको होतं. नियम पक्का होता म्हणून तर ती बाहेर उभी राहिली होती. मानानं उभी राहिली होती.

"बघ," कमलाक्षी म्हणाली. "तुझी अम्मा शहाणी आहे." धनलक्ष्मीबद्दल एवढं चांगलं ती बऱ्याच वर्षांनी बोलली होती.

*

बुधवार होता. बाराला राहुकाळ लागणार, म्हणजे त्याआधी नैवेद्य व्हायलाच हवा. साडेनवाला धनलक्ष्मी बाकीचा स्वयंपाक झाकून उंबऱ्याबाहेर आली आणि दरवर्षीसारखी भिंतीशी उभी राहिली. आत नंदिता, आणि खुर्चीत प्लास्टर मांडीवर घेऊन कमलाक्षी. पण दहा मिनिटांत कमलाक्षीच्या ध्यानात आलं, की आपण कडबू हातानं करत आलो, तोंडानं सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. डाळ किती, तर ओंजळीनं. पाणी किती, तर बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. नंदिताचं बोट वेगळं, ओंजळ वेगळी.

"वही काढ," ती शेवटी म्हणाली. "देवघरातली. दिव्यश्री, तू बाहेरनं वाच. हिचे हात भरलेत, आणि माझा चष्मा त्या अक्षरांना पुरत नाही."

दिव्यश्रीनं पिवळं फडकं सोडलं. पानं खाकी पडली होती, पण शाई टिकली होती. शेषम्माचं अक्षर गोल, ठसठशीत होतं. दिव्यश्री प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि शाळेतल्या मुलीसारखी बोट ठेवून वाचू लागली.

"हरभऱ्याची डाळ दोन मापं. धुऊन भिजवावी. बोटचेपी शिजवावी. पाणी काढावं, त्याचं सार करावं."

"हो, हो," कमलाक्षी म्हणाली. "हे असंच." आईचे शब्द चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकताना तिला बरं वाटत होतं. बातम्यांसारखे तर बातम्यांसारखे.

डाळ शिजली, निथळली. नंदितानं घाम पुसला. "आता? वेल्लम केव्हा घालायचं?"

वेल्लम म्हणजे आपला गूळ. त्या घरात त्याला वेल्लमच म्हणत, तंजावुरातलं अख्खं जग म्हणतं तसं.

दिव्यश्रीनं बोट खाली सरकवलं, मग वर नेलं, मग पान उलटून पाहिलं. "वेल्लम असा शब्द इथे कुठेच नाही. पुढे वेलदोडे आहेत, जायफळ आहे... हां, हे आहे. 'गुळाशिवाय दुसरं चालणार नाही.'"

"कुळाशिवाय," कमलाक्षीनं सहज दुरुस्त केलं. "ते वेगळं आहे. तो नियम आहे. तू पुढचं वाच."

"कुळाशिवाय?" दिव्यश्री गोंधळली. "बरोबर, क आणि ग एकच लिहितात ना. पण आत्या, पुढे लिहिलंय..." ती अडखळली. चुकीचं तर वाचत नाही ना, म्हणून तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. "'गुळाशिवाय दुसरं चालणार नाही. डाळीएवढा घालावा. पाक सुटला की भिऊ नये, परतत राहावं.'"

नंदिता फस्सकन हसली. "आत्या! कूळ डाळीएवढं कसं घालणार?"

नामदेव पेपर खाली ठेवून दाराशी आला होता. तोही हसायला लागला आणि मधेच थांबला. कारण उंबऱ्याबाहेर भिंतीशी उभी असलेली धनलक्ष्मी हसत नव्हती.

"दे बघू," ती म्हणाली.

दिव्यश्रीनं वही तिच्या हातात दिली. धनलक्ष्मी मास्तरांची मुलगी. तिनं चष्म्याशिवाय, एका दमात, मनातल्या मनात ते पान वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग वही मिटून सुनेच्या मांडीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि जिन्यानं वर गच्चीवर निघून गेली.

"मी चुकीचं वाचलं का?" दिव्यश्री स्टुलावरून उठली. "मला क्लासमध्ये गूळच शिकवलाय. तीळगूळमधला गूळ. आत्या, मला क्षमा करा, मला माहीत नव्हतं तुम्ही..."

कमलाक्षीला तिचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. तिला दुसराच आवाज ऐकू येत होता. शेषम्मा चुलीशी बसली आहे, कपाळावर घामानं कुंकू ओघळलं आहे, आणि हात मागं करून म्हणते आहे: गूळ दे गे, कमला. फोडून दे. मोठा खडा नको, गूळ विरघळायचा नाही. गूळ, गूळ, गूळ. दिवसातून दहादा म्हणायची. आई गेली आणि तो शब्दही तिच्याबरोबर घरातून गेला. दुकानदाराला गूळ म्हणून कळायचं नाही, नोकराला कळायचं नाही, मग हळूहळू घरातही वेल्लमच झालं. आणि तो शब्द आज परत आला होता कुंभकोणमच्या तमिळ मुलीच्या तोंडातून, मोबाइलवरच्या क्लासमधून.

"तू बरोबर वाचलंस," ती म्हणाली. उठताना तिचा तोल गेला. नामदेव धरायला पुढं आला, तर तिनं डाव्या हातानं त्याला बाजूला सारलं. "तू नको. मीच जाते."

*

गच्चीवर जुन्या धोतरावर तळणीचे वडाम वाळत घातले होते. धनलक्ष्मी कठड्याशी उभी होती, पाठमोरी. पाठ अगदी ताठ होती. बाईमाणूस असं उभं राहिलं की ते रडत तरी असतं किंवा रडू आवरत तरी असतं, हे कमलाक्षीला कळत होतं.

"वर कशाला आलात, अक्का? हात असा असताना."

"दिव्यश्री रडतेय. तिला वाटतं तिनं काही मोडलं."

"तिनं काय मोडलं? तिनं वाचलं." धनलक्ष्मी वळली. डोळे कोरडे होते, पण लाल. "पहिल्या वर्षी मी म्हटलं, असेल. माझ्या अम्मानं सांगून पाठवलं होतं, त्यांच्या देवाला त्यांची रीत. दुसऱ्या वर्षी कार्तिक पोटात होता. मी म्हटलं, पोटातलं तर कुळाचं आहे ना? मग आता तरी बोलावतील. नाही बोलावलंत. नंदिता झाली, तिचा कान टोचला, तिची शाळा झाली. दर वर्षी मी भिंतीशी उभी राहून म्हणायची, नियम आहे. माणसाचा राग येतो, नियमाचा काय राग धरायचा? अक्का, मी त्या नियमाला नमस्कार करायची. आणि तो नियम नव्हताच. वेल्लम होतं!"

ती हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. कमलाक्षी जवळ गेली, पण जवळ गेल्यावर काय करायचं ते तिला सुचेना. बत्तीस वर्षांत त्या दोघी भांडल्या नव्हत्या, आणि एकमेकींच्या पाठीवर हातही फिरवला नव्हता.

"मज तमिळ येतं, अक्का," धनलक्ष्मी डोळे पुसत म्हणाली. "या घरात सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. एकदा म्हटलं असतं, वही दाखवा, तर तेव्हाच कळलं असतं."

"मी दाखवली नसती."

"ठाऊक आहे. म्हणून तर मागितली नाही."

खाली रस्त्यावर टाउन बस हॉर्न वाजवत गेली. कमलाक्षीला वाटलं, इथंच गप्प राहावं. घाईत नजर फसली, लिपी तसली, एवढं म्हणून जिना उतरता आला असता, आणि कुणी काही म्हटलं नसतं. पण समोरचे लाल डोळे बघून तिला तसं करवेना.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "चूक झाली, पण आपोआप नाही झाली. आई चुलीशी बसून दिवसभर गूळ गूळ करायची, ते मज ठाऊक नव्हतं काय? जरा थांबून पुढची ओळ वाचली असती तर कळलं असतं. मी पुढची ओळ वाचलीच नाही. मज त्या दिवशी कूळच वाचायचं होतं." "नामदेवचं लग्न झालं. घराच्या चाव्या तुज दिल्या. चूल तुझी झाली. नामदेव तुझा झाला. जिथं तिथं लोक विचारायचे, धनलक्ष्मी कशी आहे, धनलक्ष्मीचं सांबार काय सुरेख. आणि मी कोण? पोस्टातनं आले की माझ्या पानावर वाढलेलं असायचं. एवढे पाच कडबू होते गे माझे. ते पण तू केले असतेस तर मी या घरात कशाला होते?"

धनलक्ष्मीनं कठड्यावरचा हात काढला.

"मग तसं म्हणायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धनलक्ष्मी, सगळं तू घे, मज पाच कडबू ठेव, म्हणायचं होतं. मी ठेवले असते, अक्का. आनंदानं ठेवले असते. मी पण बाहेरनंच आले होते या घरात. मज कळलं असतं. तुम्ही तुमच्या नावानं मागायचे सोडून आईंच्या नावानं कशाला मागितलेत?"

बहात्तर वर्षांच्या आयुष्यात कमलाक्षीच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द दोनतीनदाच निघाला असेल, तोही पोस्टातल्या साहेबापुढं. तो आता काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलं माझं, धनलक्ष्मी."

धनलक्ष्मीनं पुढं होऊन तिच्या डोळ्यांवरून आपला पदर फिरवला. नंदिताचे लहानपणी पुसायची तसे, जरा घाईनंच. मग खाली वाकून धोतराची उडालेली कड सारखी केली.

"अकरा वाजत आले," ती म्हणाली. "राहुकालम् बाराला. नंदितानं पुरण जाळलं नसेल तर मिळवलं."

"तू करतेस?"

"मुरड बाहेरनं बघितलीय. हातानं घातलेली नाही."

"तुझ्याकडं हात आहेत, माझ्याकडं मुरड आहे. चल."

*

पुरण जळलं नव्हतं. दिव्यश्रीनं उंबऱ्याबाहेरून वाचत वाचत, पाक सुटला तेव्हा 'भिऊ नये, परतत राहावं' असं नंदिताला तीनतीनदा बजावलं होतं. आता कमलाक्षीनं तिलाही आत ओढलं. "बाहेर काय बसलीस? पारी लाट. तुझे हात सुरेख आहेत म्हणे."

दिव्यश्रीनं नवऱ्याकडं बघितलं. कार्तिक फुलं घेऊन नुकताच आला होता आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्यानं आपली मान हलवली. दिव्यश्री उंबरा ओलांडून आत आली.

पहिल्या कडबूची मुरड धनलक्ष्मीनं इतकी जपून घातली की तो तेलात पडताच उलगडला आणि कढईभर पुरण झालं. "अगे, दाबून..." कमलाक्षीच्या तोंडून निघालंच. पुढचे शब्द तिनं गिळले. कडबूला घालायची मुरड मनालाही घालता येते, पण त्या कामाची तिला सवय नव्हती, तेव्हा ते सोपं गेलं नाही. तेल गाळून पुन्हा तापत ठेवलं. दुसरा कडबू करताना तिनं आपला डावा तळवा पुढं केला. "यावर ठेव. मी धरते, तू वळ. बोट आत, अंगठा वर. आता दुमड. अजून. हं."

धनलक्ष्मीचा अंगठा तिच्या तळव्यावरून कडेकडेनं चालत गेला. मुरड जाडसर पडत होती, कुठं मोठी, कुठं बारीक. शेषम्मानं बघितली असती तर नावं ठेवली असती. पण दुसरा फुटला नाही. तिसरा तर फुलून वर आला, तेव्हा नंदितानं टाळी वाजवली. नैवेद्याचा पाचवा कढईतून निघाला तेव्हा बाराला बारा मिनिटं कमी होती.

"अप्पा, घंटा!" नंदिता ओरडली.

नामदेव सोवळं नेसून गौरीपुढं बसला. ज्येष्ठा आणि कनिष्ठा जरीच्या साड्या नेसून, कार्तिकनं आणलेला मोगरा माळून पानाची वाट बघत होत्या. केळीच्या पानावर सगळं वाढलं गेलं, मधली जागा तेवढी रिकामी ठेवली होती. जिनं कडबू केले तिनं ते स्वतः आणून त्या जागी ठेवायचे आणि नवऱ्यानं किंवा भावानं पाणी सोडायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. नामदेवनं पळी उचलली आणि सवयीनं हाक मारली.

"अक्का, ये."

"मज नको बोलावू," कमलाक्षी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "जिनं केलेत तिला बोलाव."

नामदेव पळी हातात धरून बसला. बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची त्याच्या पिढीत रीत नव्हती. 'इकडं बघ' म्हणायचं, फार तर 'कार्तिकची अम्मा'. पण गौरीपुढं बसून 'इकडं बघ' कसं म्हणणार? त्यानं एकदा बहिणीकडं पाहिलं, मग मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला,

"धनम्."

कार्तिकनं नंदिताकडं बघितलं, नंदितानं दिव्यश्रीकडं. आत ताट हातात घेतलेल्या धनलक्ष्मीचे कान अठ्ठावन्नाव्या वर्षी लाल झाले.

कमलाक्षीनं हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. चार खोल्यांच्या घरात, पातळ भिंतींआड, बत्तीस वर्षं ते घेतलं जात होतं, आणि एका माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून एवढ्या हळू घेतलं जात होतं, की आज मोठ्यानं घ्यायची वेळ आली तरी तिच्या भावाला आवाज सापडत नव्हता. ते एक माणूस म्हणजे आपणच, हे तिला दाराची चौकट धरून उभं असताना कळलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, ते पुसायला डावा हातही पिठानं भरलेला होता.

"नामदेव," ती म्हणाली, "मोठ्यानं हाक मार रे. मज ऐकू आलं पाहिजे."